द क्रिएटर: डोळ्यांचं पारणं फिटतं, गोष्ट मात्र उपाशी ठेवते

काल द क्रिएटर (२०२३) परत बघितला. थिएटरमध्ये बघितला तेव्हाच गोष्ट खटकली होती, पण म्हटलं एवढ्या मोठ्या पडद्यापुढे गोष्टीकडे आपलं लक्षच गेलं नसेल, आता घरी शांतपणे बघू. नाही, गोष्ट खरंच कच्ची आहे. आणि तरी पहिल्या दहा मिनिटांत परत तसाच आ वासून बसलो.

आधी आवडलेलं सांगतो कारण ते खूप आहे. दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स मुळात व्हिज्युअल इफेक्ट्सवाला माणूस, आणि ते जागोजागी कळतं. साधारण ८ कोटी डॉलरमध्ये बनवलाय, हॉलिवूडच्या असल्या पिक्चरला याच्या दुप्पट तिप्पट पैसे सहज लागतात. यांनी काय केलं तर सोनीचा एफएक्स३ हा छोटासा कॅमेरा, जो हौशी लोकपण विकत घेतात, तो आणि छोटी टीम घेऊन थेट थायलंड, कंबोडिया, नेपाळ, इंडोनेशिया असं फिरून खऱ्या जागी शूट केलं, आणि एडिट झाल्यावर मग त्या फ्रेम्समध्ये रोबो, टॉवर, रणगाडे बसवले. नेहमी उलटं असतं, आधी सगळं डिझाइन आणि मग हिरव्या पडद्यासमोर उभं राहून अभिनय. म्हणून इथे ऊन खरं वाटतं, धूळ खरी वाटते, रोबोच्या अंगावरचे पोचेसुद्धा वापरून पडल्यासारखे दिसतात. ते सिम्युलंट, म्हणजे असे रोबो की चेहरा माणसाचा आणि कानामागे आरपार भोक, ते शेतातल्या बायकापोरांमध्ये असे मिसळून गेलेत की थोड्या वेळाने आपण भोक बघायचंच विसरतो. भगव्या कपड्यातले रोबो भिक्खू तर मला अजून दिसतायत.

आणि ते नोमॅड! आकाशात तरंगणारं अमेरिकेचं भलंमोठं शस्त्र, त्याचा निळा उजेड डोंगरांवरून, शेतांवरून हळूहळू सरकत येतो, आवाजासकट. एकही डायलॉग नाही आणि पोटात गोळा येतो.

आता गोष्ट. २०५५ मध्ये लॉस एंजेलिसवर अणुबॉम्ब पडतो, दोष एआयवर येतो, अमेरिका एआयवर बंदी घालते, न्यू एशिया नावाच्या पिक्चरमधल्या प्रदेशात मात्र माणसं आणि रोबो एकत्र राहतायत. बायको गमावलेला सैनिक जोशुआ रोबोंच्या बाजूचं नवीन शस्त्र शोधायला जातो आणि ते शस्त्र निघतं एक लहान सिम्युलंट मुलगी, अल्फी. सुरुवात जबरदस्त आहे ना? पण पुढे काहीच उलगडत नाही. मुलगी हात जोडते आणि मशिनी बंद पडतात, ठीक आहे, पण किती लांबून, कुठल्या, कधी नाही, काही नियमच नाही, लेखकाला अडचण आली की हात जोडायचे. नोमॅड म्हणजे जगातलं सगळ्यात कडेकोट शस्त्र, त्यात शेवटी आत शिरणं इतकं सोपं? आणि रोबोंच्या कर्त्याचं नाव निर्माता ठेवलंय, आपल्याला तर तो शब्द घरचाच आहे, पण तो निर्माता कोण हे मला अर्ध्या तासात कळलं आणि पिक्चर मात्र तासभर लपवत बसला.

मला सगळ्यात जास्त लागलं ते जोशुआ आणि त्याची बायको माया यांचं प्रेम. सगळा पिक्चर त्या प्रेमावर उभा, आणि आपल्याला दाखवतात काय तर समुद्रकिनाऱ्यावरचे हसरे तुकडे. दोघं भांडली असतील, एकमेकांपासून काय लपवलं असेल, तो तर हेर म्हणून तिच्या घरात राहत होता, केवढा मोठा सीन होता तो, लिहिलाच नाही. जोशुआ झालेला जॉन डेव्हिड वॉशिंग्टन जीव तोडून रडतो पण माझ्या डोळ्यात पाणी नाही आलं.

असं नाही की यांना लिहिता येत नाही. अल्फी स्वर्गाबद्दल विचारते, जोशुआ म्हणतो तिथे चांगलीच माणसं जातात, मग ती म्हणते तू चांगला नाहीस आणि मी माणूस नाही, म्हणजे आपण दोघंही जाणार नाही. बस. दोन मिनिटं. अल्फी झालेल्या मॅडेलीन युना व्हॉइल्स या पोरीने ते इतकं साधं केलंय की गळा दाटून आला. तसंच नदीवरच्या पुलाचा सीन, पिंपासारखे रोबो निरोप घेऊन धावत जातात आणि फुटतात. असे पाच सहा सीन आणखी हवे होते, त्यासाठी दोन मोठ्या मारामाऱ्या कापल्या असत्या तरी चाललं असतं.

बघायचा का? हो, नक्की, पण फोनवर नको. पिक्चरची फ्रेम फार रुंद आहे, २.७६ ला १, म्हणजे उंचीच्या जवळजवळ पावणेतीनपट, त्यामुळे साध्या टीव्हीवरपण वर खाली जाड काळे पट्टे येतात आणि लांबचे ते टॉवर एवढुस्से होतात. जमेल तेवढा मोठा स्क्रीन घ्या, खोलीतला लाइट बंद करा आणि आवाज वाढवा, नोमॅड डोक्यावरून जाताना कळेल मी काय म्हणतोय ते.