नऊ महिने, पंधरा फर्मे आणि एकुलती एक चिप

पुण्यात घरून काम करणाऱ्याला गुरुवारचा धाक असतो. लाईट दर गुरुवारी जाते असं नाही, पण गेली की दुरुस्तीच्या नावाखाली सकाळी दहाला जाते आणि संध्याकाळी कधीतरी उगवते. मी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करते. त्यामुळे श्रावण संपल्यापासून लक्ष्मीपूजनाच्या आदल्या आठवड्यापर्यंत मला एकही गुरुवार परवडत नाही.

सप्टेंबरातल्या अशाच एका गुरुवारी दहाला लाईट गेली तेव्हा बॅटरी १०० टक्के होती. सहाला आली तेव्हा ३१. मधल्या वेळात दीड फर्मा (फर्मा म्हणजे सोळा पानं) लावून झाला, एका कथेचं तिसरं प्रूफ उतरवलं, दोन जाहिराती बसवल्या आणि संपादकांशी पाऊण तास व्हिडिओ कॉल झाला. बॅटरी ७० वॉट-अवरची आहे. हिशेब केला तर सरासरी खर्च सहा वॉटच्या आसपास. जुन्या लॅपटॉपने याच कामात एक वाजताच मान टाकली असती.

लॅपटॉप फेब्रुवारी २०२५ मध्ये घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहायचंय ते आतल्या चिपबद्दल: इंटेल कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही, म्हणजे ‘लूनर लेक’ नावाच्या पिढीतली. आधीचा होता आय७-१२६०पी. कागदावर जुना भारी वाटतो. त्यात १२ कोअर (चिपमधले काम करणारे भाग) आणि १६ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), नव्यात ८ कोअर आणि थ्रेडही आठच, कारण एका कोअरकडून दोन कामं करून घेणारं हायपरथ्रेडिंग काढून टाकलंय. दुकानातला मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, “ताई, आकडे बघाल तर मागे चाललात.”

मागे गेले का? एका कामात, हो. जुन्या अंकांची स्कॅन केलेली ३०० पानं ओसीआरला (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करायला) लावली की सगळे कोअर एकदम कामाला जुंपले जातात. जुन्यावर अकरा मिनिटं लागायची, नव्यावर चौदा लागतात. पण हे चार्जर लावलेला असताना. बॅटरीवर जुना एकोणीस मिनिटांवर जायचा आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुरू व्हायचा. नवा बॅटरीवरही चौदाच घेतो. बाकी दिवसभराचं काम म्हणजे पान उलटणं, मजकूर ओढणं, फॉन्ट बदलला की अख्खा लेख नव्याने वाहणं. यात एकट्या कोअरचा वेग लागतो आणि तिथे नवा सरळ पुढे आहे.

बॅटरी एवढी का टिकते, हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. एक कारण म्हणजे रॅम, चालू कामाचा डेटा ठेवणारी मेमरी. ती मदरबोर्डवर लांब कुठेतरी नाही, प्रोसेसरच्या शेजारी त्याच पॅकेजमध्ये बसवली आहे. डेटाचा प्रवास छोटा, म्हणून वीजही कमी. दुसरं कारण चार छोटे कोअर. टायपिंग, ब्राउझर, गाणी असली कामं ते परस्पर उरकतात आणि मोठ्या चौघांना उठवतच नाहीत. घरात पाहुणा आला म्हणून सगळ्यांना झोपेतून उठवू नये, तसं.

याचा परिणाम असा की आता चिपपेक्षा पडदाच जास्त वीज खातो. इथे एक गोष्ट माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवा. ओएलईडी पडदा दुकानात देखणा दिसतो, पण आपण दिवसभर पांढरं पान बघतो आणि पांढऱ्या रंगाला ओएलईडी सगळ्यात जास्त वीज घेतो. मी साधा आयपीएस घेतला. मैत्रिणीने हीच चिप ओएलईडीसह घेतली, तिला माझ्यापेक्षा दोन-अडीच तास कमी मिळतात.

तक्रार नाही असं नाही. मे महिन्यात एसटीने साताऱ्याला जाताना झाकण मिटून लॅपटॉप पिशवीत टाकला. खंबाटकी घाटात मांडीला चटका बसायला लागला. झोपवलेला लॅपटॉप पिशवीत आपोआप जागा होऊन कसलं तरी अपडेट करत बसला होता. साताऱ्याला उतरले तेव्हा ४० टक्के गायब. सेवा केंद्राने दोनदा ‘नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवलं. शेवटी मीच झाकण मिटल्यावर हायबरनेट होईल, म्हणजे काम साठवून पूर्ण बंद होईल, अशी सेटिंग केली. उघडताना काही सेकंद जास्त लागतात, पण मांडी भाजत नाही.

आता रॅमचं. चिपच्या नावातला शेवटचा आकडा बघायचा: ६ असेल तर १६ जीबी, ८ असेल तर ३२. म्हणजे २५६व्ही आणि २५८व्ही यांत मुख्य फरक तोच. नंतर वाढवता येत नाही, दुकानदार काहीही सांगो. पंधरा फर्म्यांचा अंक, म्हणजे २४० पानं, चित्रांसकट उघडा असतो तेव्हा माझे २० जीबी सहज भरतात.

पण याच रॅमने इंटेलला घाम फोडला, आणि ती कथा मला लॅपटॉपपेक्षाही रंजक वाटते. वेगळी विकत घेतलेली मेमरी आपल्या पॅकेजात घालून विकायची, तर नफ्याचं प्रमाण घसरतं. वर, प्रोसेसरचा मुख्य भाग इंटेलच्या कारखान्यात बनतच नाही. तो तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीकडून येतो. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर तेव्हाचे सीईओ पॅट गेल्सिंगर यांनी गुंतवणूकदारांना सांगून टाकलं की अशी मेमरीवाली चिप ही एकदाचीच, पुढच्या पिढ्यांत नाही. चिप बाजारात येऊन जेमतेम महिना झाला होता! त्या तिमाहीत कंपनीला १६ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला होता आणि त्याआधी ऑगस्टमध्ये सुमारे १५ हजार नोकऱ्या कमी करायचं जाहीर झालं होतं.

डिसेंबर लागला आणि गेल्सिंगरच गेले. अठराव्या वर्षी इंटेलमध्ये लागलेला, ८०४८६ या गाजलेल्या प्रोसेसरचा मुख्य शिल्पकार, मध्ये बाहेर जाऊन २०२१ मध्ये घर सावरायला परतलेला माणूस. (८०४८६ नंतर आलेल्या पेंटियमचे जनक म्हणवले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्यातला, हे आपण दर दोन वाक्यांनी सांगायचंच असतं. सांगितलं.) मग साडेतीन महिने डेव्हिड झिन्सनर आणि मिशेल जॉन्स्टन होल्टहाउस यांनी मिळून कारभार पाहिला, आणि मार्च २०२५ मध्ये लिप-बू टॅन आले. हे आधी चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या केडन्सचे प्रमुख होते. इंटेलच्या संचालक मंडळावर होते, तिथून २०२४ च्या ऑगस्टमध्ये बाहेर पडले आणि सात महिन्यांत थेट खुर्चीत बसायला परतले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यांचा राजीनामा मागितला, आणि त्याच महिन्यात अमेरिकी सरकारने कंपनीत सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. सप्टेंबरात होल्टहाउसही गेल्या.

माझ्या लॅपटॉपला यातलं काही कळलेलं नाही. ड्रायव्हरची अपडेट वेळेवर येताहेत, बॅटरीची क्षमता ७० वरून ६७ वर आली आहे, तीही मी चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावायचा आळस केला म्हणून. पण दुकानातल्या फळीवर फरक पडणार. पुढची पिढी ‘पँथर लेक’ ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाली. तिचे मुख्य कोअर इंटेलच्याच १८ए तंत्राने ॲरिझोनात बनताहेत, कोअर १६ पर्यंत आहेत आणि रॅम पुन्हा पॅकेजबाहेर. म्हणजे माझी चिप एकुलती एक राहिली. हिशेबाच्या वहीत चूक ठरली, टेबलावर मात्र मी वापरलेली सगळ्यात शांत चिप आहे.

भाच्याला हेच सांगितलं. त्याचं काम व्हिडिओ एडिटिंगचं, त्याने थांबावं आणि पँथर लेकचे लॅपटॉप लोकांनी वापरून बघेपर्यंत पैसे जपून ठेवावेत. लिहिणं, वाचणं, मांडणी, हिशेब असं काम असेल आणि सेलमध्ये शेवटी ८ असलेला लूनर लेक दिसला, तर घासाघीस करून उचला.

जुना लॅपटॉप विकला नाही. तो स्कॅनरशेजारी कायमचा चार्जरला जोडून ठेवलाय, ओसीआर त्याच्याकडेच. रात्री पानं लावते आणि खोलीचं दार ओढून घेते.