कबड्डीच्या मॅटमध्ये झालेली फसवणूक: गठ्ठे मोजण्याआधी बिल्टी वाचा

एका कबड्डी मंडळाकडे 130 मॅट आल्या आणि बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, वजन होतं 130 किलो. फसवणूक त्या कागदावर उघड लिहिलेली होती. पण माल उतरवताना मंडळातल्या सगळ्यांचं लक्ष गठ्ठ्यांवर होतं. गठ्ठे बरोबर भरले, सही झाली, उरलेले पैसे त्याच संध्याकाळी गेले.

कोटेशनवर होतं ते असं: ईव्हीए फोम (मॅटसाठी वापरतात तो रबरासारखा लवचीक फोम), 1 मीटर बाय 1 मीटर, जाडी 25 मिमी, घनता 100. घनता 100 म्हणजे एका घनमीटरला 100 किलो. एक मॅट 0.025 घनमीटरची, म्हणून तिचं वजन अडीच किलो भरायला हवं. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटरचं, त्याला 130 मॅट, एकूण 325 किलो. प्रत्यक्षात एकेक मॅट साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास निघाली. वरचे 5 मिमी खरं ईव्हीए आणि खाली उरलेल्या जाडीभर पॅकिंगचा ईपीई फोम, टीव्हीच्या खोक्यात येतो तोच. त्यालाही निळाच रंग असल्यामुळे कडेकडून जोड दिसत नव्हता. पात्याने आरपार कापल्यावर खालच्या थराचे मोठे बुडबुडे दिसले, आणि त्यात नख रुतलं की खूण तशीच राहत होती.

याचा त्रास गुडघ्यांना होतो. पकड करताना कोपऱ्यातले खेळाडू गुडघ्यावर पडतात, आणि पुन्हा पुन्हा त्याच दोन-चार मॅटवर. ईपीईचे बुडबुडे दाबून फुटले की परत फुगत नाहीत. काही आठवड्यांत कोपऱ्यांतली मॅट चपटी होते, वरून मात्र नवीच दिसते. पोट्टे मॅट आहे म्हणून बिनधास्त सूर मारतात आणि गुडघा जवळपास थेट मुरमावर आदळतो. साध्या मातीवर निदान जपून तरी खेळले असते.

दुसरी लबाडी मापाची. मॅटचे दात धरून 1 मीटर मोजला होता. दात एकमेकांत बसले की प्रत्येक मॅटमागे 3 सेंटिमीटर जातात आणि उरतात 97. मग 13 मॅटची रांग 12.61 मीटर भरते आणि 10 मॅटची 9.70. पूर्ण मैदान झाकायला अशा 14 बाय 11, म्हणजे 154 मॅट लागतात. 24 कमी पडल्या आणि त्या "वेगळ्या ऑर्डरमध्ये" घ्या, असं उत्तर मिळालं. म्हणून कोटेशनवर "जोडल्यानंतरचं माप" हे शब्द लिहून घ्या. नमुना म्हणून चार मॅट मागवल्या तर त्या चौकोनात जोडा आणि एका दाताच्या मुळापासून पुढच्या मॅटच्या दाताच्या मुळापर्यंत टेपने मोजा. जाडीसाठी 10 मॅटची थप्पी लावा, ती 25 सेंटिमीटर भरली पाहिजे. इथे 22 भरली.

नमुन्याचा तुकडा मात्र अस्सल होता, आणि बहुतेक ठिकाणी खेळ इथेच होतो. 30 बाय 30 सेंटिमीटरचा, 25 मिमी जाडीचा, 100 घनतेचा तुकडा 225 ग्रॅम भरतो. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हे एका मिनिटात कळतं. नमुना वजनात बसला तर त्याचे दोन भाग करा, दोन्हींवर विक्रेत्याची सही आणि तारीख घ्या, एक स्वतःजवळ ठेवा. जो सही करायला नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. इतकं सरळ आहे ते.

फोनवर "45 डेन्सिटी आहे भाऊ, एकदम टॉप" असं सांगितलं जातं. तो आकडा घनतेचा नसतो, बहुतेक वेळा शोर-सी या मापाने मोजलेल्या कडकपणाचा असतो. कडकपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किलो प्रति घनमीटर असं लिहून मागा.

वजन बसलं म्हणजे झालं असंही नाही. ईव्हीएमध्ये खडूची पूड मिसळून वजन वाढवता येतं. अशी मॅट जड लागते, पण दोन-तीनदा दुमडली की घडीवर तडा जातो आणि दात तुटतात. ओळखायचं तर नखाएवढा तुकडा मोकळ्या जागेत, वाऱ्याकडे पाठ करून, स्टीलच्या जुन्या चमच्यात जाळा. ईव्हीएला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ईपीईला मेणबत्तीसारखा. थोडी राख रंगामुळेही उरते. त्या राखेवर लिंबू पिळा. फसफसली तर खडू आहे.

पाण्यात बुडवून दाखवण्याच्या व्हिडिओला भुलू नका. ईव्हीए आणि ईपीई दोन्हींत पाणी शिरत नाही, त्यामुळे त्या परीक्षेत दोन्ही पास होतात. तिच्यात फक्त गादीचा फोम सापडतो. खरी परीक्षा दाबाची आहे. लाकडी फळीच्या दोन टोकांखाली 10 बाय 10 सेंटिमीटरचे ठोकळे ठेवा, प्रत्येक ठोकळ्याखाली मॅटचा तुकडा, आणि फळीवर युरियाच्या 45 किलोच्या दोन बॅगा रात्रभर ठेवा. सकाळी काढून अर्ध्या तासाने बघा. चांगलं ईव्हीए जवळपास पूर्ण वर येतं, हलक्या फोमवर ठोकळ्याचा चौकोन खोल उमटलेला राहतो.

विदर्भाच्या उन्हाचा वेगळा विचार करावा लागतो. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 47 च्या वर जातो आणि टिनाच्या शेडमध्ये त्याहून तापतं. ईव्हीए तापून आक्रसतं, दातांमध्ये फट पडते आणि तिथे पायाचं बोट अडकतं. मॅट सावलीत, आडव्या थप्पीत ठेवा. काळ्या मातीवर थेट अंथरू नका. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. आधी मुरूम दाबून घ्या.

2014 ला प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून गावोगावी मॅट हवी झाली, आणि ही वर्गणी कापसाच्या किंवा धानाच्या चुकाऱ्यातून जमलेली असते. ती एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर आगाऊ पाठवू नका. 15 अक्षर-आकड्यांचा जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. महाराष्ट्रातल्या फर्मचा क्रमांक 27 ने सुरू होतो. पैसे त्याच नावाच्या खात्यात जायला हवेत. शिल्लक रक्कम माल वजनकाट्यावर तोलल्यानंतरच द्या. कापसाचं जिनिंग जवळ असेल तर काटा शोधावा लागत नाही.

फसलाच असाल तर आधी ट्रान्सपोर्टच्या पावतीवर "वजन कमी, तपासणी बाकी" असं लिहा, मग सही. पैसे घेऊन माल आलाच नसेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. माल खोटा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. बिल ज्याच्या नावावर, तक्रार त्याने करायची, म्हणून बिल मंडळाच्या जबाबदार माणसाच्या नावाने पूर्ण लिहून घ्या. आणि सगळे गठ्ठे फोडू नका. दोन गठ्ठे सीलबंद राहू द्या, बिल्टी आणि सही केलेला नमुना त्यांच्याबरोबर ठेवा.