व्हॅरम पर्सी की हाउंड टॉर?
इंग्लंडमधलं ओस पडलेलं मध्ययुगीन गाव पाहायचं तर कुठलं? नैऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावरचं हाउंड टॉर लगेच डोळ्यांत भरतं. ग्रॅनाइटच्या भिंतींचे खालचे थर अजून शाबूत आहेत. लांबट घरांत वरच्या अंगाला माणसं, उताराच्या बाजूला गोठा, छप्पर एकच. धान्य वाळवायच्या भट्ट्याही दिसतात. तासाभरात पाहून होतं.

यॉर्कशरच्या व्हॅरम पर्सीत मात्र पडकं चर्च सोडलं तर बहुतेक गवताळ उंचवटेच. फोटोंसाठी जाणारा हिरमुसतो. तरी मी व्हॅरमच निवडेन. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० इथे दर उन्हाळ्यात उत्खनन केलं. चर्चच्या आवारातले सुमारे ७०० सांगाडे मिळाले, त्यांवरून गावकऱ्यांचे आजार नि आहार कळला. गावातल्या एका खड्ड्यातल्या हाडांवर तर कापल्या-जाळल्याच्या खुणा आहेत. मेलेला उठून छळू नये म्हणून हे केलं असावं, असा २०१७ च्या अभ्यासाचा कयास. (भुताची भीती तिकडेही होतीच!)

आणि हे गाव चौदाव्या शतकातल्या मोठ्या प्लेगनं संपलं नाही. प्लेगनंतरही घरं नांदती होती. शेवटची कुटुंबं १५०० च्या सुमारास जमीनमालकानं मेंढ्यांच्या कुरणासाठी हुसकली.