दोन हजारच्या नोटेवरची बाई

प्रागकडे जाणार असाल तर निघण्याआधी एक नोट मोबाईलवर नीट बघून ठेवा. चेक देशाची २००० कोरुनांची. हिरवट रंगाची, आणि तिच्यावर एक बाई आहे, ऑपेरा गायिका एमा डेस्टिनोव्हा. आम्ही बघितली नव्हती. त्यापायी १६० युरो गेले, म्हणजे सोळा हजार रुपयांच्या आसपास.

आम्ही दोघं ड्रेस्डेनला राहतो. तिथून प्राग आगगाडीने अडीच तासांच्या आत. शुक्रवारी रात्री प्रागला मुक्काम आणि शनिवारी कुत्ना होरा, असा बेत होता. हे चांदीच्या खाणींवर उभं राहिलेलं जुनं गाव, १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत, प्रागहून तासाभराच्या अंतरावर. चेक देश २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये असला तरी तिथे युरो चालत नाही, कोरुना लागतात. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, पण स्वच्छतागृह, छोटी टपरी अशा ठिकाणी सुटे हवेत, म्हणून थोडी रोकड घ्यायचं ठरलं.

आता हे मुद्दाम सांगते, कारण लोक म्हणतील, एवढे शिकलेले आणि एवढे भोळे? भोळे नव्हतो हो. प्रागच्या पैसे बदलून देणाऱ्या दुकानांबद्दल सगळं वाचून गेलो होतो. बाहेर मोठ्या अक्षरात ‘कमिशन शून्य’, दर्शनी फलकावर झकास दर, पण तो ते युरो विकतात तेव्हाचा. तुम्ही युरो द्यायला गेलात की हातावर भलतंच टेकवतात. शनिवारी सकाळी अशाच एका दुकानापुढे उभं राहून मी नवऱ्याला म्हटलं, “बघ, खालच्या ओळीत एका युरोला १९ कोरुना लिहिलंय. खरा दर २५ आहे.” माझी छाती जरा फुगलीच होती.

तेवढ्यात बाजूला एक माणूस. चाळिशीचा, साधं जाकीट, हातात कॉफीचा कागदी कप. “नमस्ते, इंडिया?” मग इंग्रजीत, हे दुकान चोर आहे, इथे बदलू नका. फलकावरच्या त्याच बारीक ओळीवर त्याने बोट ठेवलं, जी मी आत्ताच नवऱ्याला दाखवली होती. मोबाईलवर खरा दर काढून दाखवला. तो म्हणाला, मला मुलाच्या सहलीसाठी युरो हवेत, बँकेत गेलो तर माझंही नुकसान आणि तुमचंही, तुम्ही २५ ने घ्या. त्याने आम्हाला नवीन काहीच पटवलं नाही. आम्हाला पटलेलंच परत ऐकवलं.

२०० युरो दिले. त्याने माझ्या तळहातावर मोजून ठेवले: दोन हजार, दोन हजार, एक हजार. झाले पाच हजार. आकडे ठळक होते, मी स्वतः वाचले. नोटेवरची अक्षरं त्याच्या अंगठ्याखाली होती, हे आत्ता कळतंय. मी नोट उलटी करणार इतक्यात रस्त्यापलीकडून कुणीतरी शीळ घातली. हा दबक्या आवाजात म्हणाला, “पोलीस, पोलीस, खिशात टाका,” आणि चालता झाला. रस्त्यावर पैसे बदलणं बेकायदा आहे, तेव्हा आम्हीही चोरासारखे तिथून सटकलो. गंमत बघा, पळालो आम्ही.

हजाराची नोट खरी होती. स्टेशनवर पाणी आणि सँडविच घेताना ती दिली, बाईने मोड दिली, आणि उरलासुरला संशयही गेला. सेडलेत्सचं ते हाडांचं चर्च बघितलं. हजारो माणसांच्या हाडांची रचना, मधोमध हाडांचंच झुंबर. आत फोटो काढायला बंदी आहे. तिथून बसने गावात, मग सेंट बार्बराचं कॅथीड्रल. त्याचं बांधकाम १३८८ मध्ये सुरू झालं, आणि मोठा खर्च खाणींच्या पैशातून झाला. उतारावरच्या एका छोट्या खाणावळीत लसणाचं सूप, बटाट्याचे वडे आणि बिअर घेतली. बिल ४६० कोरुना. कार्डाचं मशीन बंद. मी ऐटीत दोन हजारांची नोट ठेवली.

मालकीणबाई साठीच्या. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा होता, तो त्यांनी डोळ्यांवर चढवला, नोट खिडकीशी नेली आणि परत आणली. काही बोलल्या नाहीत. गल्ल्यातून स्वतःची दोन हजारांची नोट काढून माझ्या नोटेशेजारी ठेवली. त्यांच्या नोटेवर बाई. माझ्या नोटेवर पुरुष. खालची अक्षरं रशियनसारखी. “बुल्हार्स्को,” त्या म्हणाल्या आणि माझ्या मनगटावर हलकेच थोपटलं. त्यांना हे पहिल्यांदाच दिसत नव्हतं, हे त्या थोपटण्यात कळलं.

बुल्हार्स्को म्हणजे बल्गेरिया. बल्गेरियाने १९९९ मध्ये चलनातले तीन शून्य काढून टाकले, हजार जुने लेव्हा म्हणजे एक नवा लेव्ह. आमच्या हातात होते जुने. ते चालू असते तरी दोन हजारांच्या नोटेचा जेमतेम एक युरो आला असता. चालू नाहीत, म्हणजे कागद.

नवरा एटीएमकडे पळाला, मी ओलीस म्हणून बसून राहिले. तिथे दुसरी माशी शिंकली. यंत्राने विचारलं, युरोत रूपांतर करून घेता का? घाईत त्याने मोठं बटण दाबलं. ३००० कोरुनांचे १२० युरो व्हायला हवेत, खात्यातून १३८ गेले. परदेशातल्या एटीएमवर हा प्रश्न आला की नकार द्यायचा, आणि तिथलंच चलन निवडायचं. नकाराचं बटण बारीक आणि कोपऱ्यात असतं. नकार दिला तरी पैसे मिळतात.

संध्याकाळी व्लाश्स्की द्वूर, म्हणजे इटालियन वाडा, बघायचा होता. तिकिटं आधीच काढलेली होती म्हणून गेलो. ही टांकसाळ. राजा वेन्सेस्लास दुसरा याने इटालियन कारागीर आणून इथे १३०० साली प्राग ग्रोशेन नावाचं चांदीचं नाणं पाडायला सुरुवात केली, आणि मध्य युरोपभर ते चाललं. पुढे पुढे त्यातली चांदी कमी होत गेली, असं गाईडने सांगितलं तेव्हा नवरा माझ्याकडे बघून हसला. मला अजिबात हसू आलं नाही. पर्समध्ये चार हजारांचे कागद होते.

रविवारी प्रागच्या पोलिसांकडे गेलो. तक्रार लिहून घेतली, सभ्यपणे वागले. पावती? नाही. नाव? नाही. तिथेच कळलं ते सगळ्यात जास्त लागलं. एप्रिल २०१९ पासून तिथे कायदा आहे: परवानाधारक दुकानात १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत मागता येतात, फक्त पावती हवी. म्हणजे त्या १९ च्या चोर दुकानात शिरलो असतो आणि नंतर डोळे उघडले असते, तर सगळे २०० युरो परत मागता आले असते. ज्याला टाळायला मी एवढी हुशारी केली, त्याच्याकडे निदान पावती होती.

रात्री आईला व्हिडिओवर सगळं सांगितलं. ती ओरडेल म्हणून तयारीत होते. तिने आधी विचारलं, “पण त्या दुकानात काय भाव देत होते?”

“१९.”

“आणि तो?”

“२५.”

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग मीही त्याच्याकडूनच घेतले असते गं.”