पाय ४ वर सात महिने एक्स्ट४: अनुभव

घरी रास्पबेरी पाय ४ ला (लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर) २ टीबीची यूएसबी हार्डडिस्क लावून त्यावर सगळ्यांचे फोटो नि व्हिडिओ ठेवतो. अडचण अशी की रात्री बॅकअप चालू असताना आई-बाबा टीव्हीवर मुंजीचा व्हिडिओ लावून बसले की तो अडकत अडकत चालायचा. टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) उघडून बघितलं तर माउंट.एनटीएफएस नावाची प्रोसेस अख्खा एक कोर अडवून बसलेली. डिस्क विंडोजच्या काळातली, म्हणजे एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमची (डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत), आणि लिनक्सवर ती वाचणारं एनटीएफएस-३जी चालतं फ्यूजवर, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेर, त्यामुळे डेटाचे आत-बाहेर नुसते हेलपाटे. कर्नल ५.१५ पासून एनटीएफएस३ ड्रायव्हर आतच आलाय, पण मला ही डिस्क विंडोजला परत लावायचीच नव्हती.

मग एक्स्ट४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिम आळीपाळीने फॉरमॅट करून, प्रोसेसरवर कोणाचा किती भार पडतो ते तपासलं. इथे मी आधी फसलो. टाइम (प्रोसेसरचा किती वेळ गेला ते सांगणारी कमांड) लावून सीपी (कॉपीची कमांड) चालवलं तर एनटीएफएस सगळ्यात हलकं दिसलं! कारण टाइम फक्त सीपीचा हिशोब देतो, खरं काम करणारी प्रोसेस वेगळीच असते. बीटीआरएफएसचं कॉम्प्रेशनही कर्नलच्या वर्कर थ्रेडमध्ये होतं, तेही त्यात धरलं जात नाही. म्हणून व्हीएमस्टॅट १ (दर सेकंदाला अख्ख्या सिस्टिमचे आकडे देणारी कमांड) चालू ठेवून यूएस (प्रोग्रॅमचं काम) आणि एसवाय (कर्नलचं काम) हे दोन कॉलम बघा, डब्ल्यूए म्हणजे डिस्कची वाट बघणं, त्याला प्रोसेसरचं काम समजू नका. फाइल रॅमपेक्षा मोठी घ्या, नाहीतर कॅशच मोजाल. आणि एक्स्ट४ ताजं फॉरमॅट केलं की एक्स्ट४लेझीइनिट मागे बराच वेळ डिस्कवर लिहीत असतं, माझे पहिले आकडे त्याच्यामुळेच वाया गेले, दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबा.

मोठ्या फाइल्सना एक्स्ट४ आणि एक्सएफएसमध्ये मला सांगण्यासारखा फरक दिसला नाही. बीटीआरएफएसला कॉम्प्रेस-फोर्स (सगळंच दाबून लिहायचा पर्याय) दिल्यावर प्रोसेसर चांगलाच तापला आणि जागा काही वाचली नाही, जेपीजी नि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात. पण त्याचं चेकसम मला मनापासून आवडतं, डिस्कवर फोटो गुपचूप खराब झाला तर ते वाचतानाच सांगतं, एक्स्ट४ फाइलमधल्या डेटाचं असं काही बघत नाही. दुसरी कॉपी म्हणून ठेवलेली डिस्क मी त्यासाठीच बीटीआरएफएस केली, कॉम्प्रेशन बंद ठेवून.

शेवटी मुख्य डिस्क एक्स्ट४, नोएटाइम लावून (म्हणजे फाइल वाचल्याची वेळ दरवेळी लिहिली जात नाही). ट्यून२एफएस -एम ० ही कमांड जरूर चालवा, नाहीतर रूटसाठी (अ‍ॅडमिन खात्यासाठी) ५% जागा राखीव असते, २ टीबीत ते १०० जीबी होतात.

पावसाळ्यात चार-पाचदा लाइट गेली, पाय धाडकन बंद. प्रत्येक वेळी जर्नलमुळे (बदलांची एक्स्ट४ आधी करून ठेवतं ती नोंद) डिस्क लगेच माउंट झाली, फक्त एकदा त्याच क्षणी कॉपी होत असलेला व्हिडिओ अर्धवट राहिला, तो पुन्हा टाकला.