पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना: कोणत्या केससाठी गाठावा, सोबत काय न्यावं

म्हैस आठवडाभरात तिसऱ्यांदा फुगली, शेण थोडंथोडं, काळं आणि चिकट पडतंय, दूध आटलंय आणि व्यायला फार दिवस झालेले नाहीत, तर गोठ्यात चौथं इंजेक्शन देत बसू नये. टेम्पो ठरवावा आणि जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना गाठावा. महाराष्ट्रात नागपूरच्या माफसू (महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान) विद्यापीठाखाली मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे अशी महाविद्यालयं आहेत आणि प्रत्येकाला शिकवणीचा दवाखाना जोडलेला आहे. मुंबईत परळला तर १८८६ पासून शिकवणं चालू आहे. तिथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयही त्याच आवारात आहे आणि लोकांच्या तोंडी दोन्ही नावं एकच झालेली असतात, म्हणून केस पेपर कोणत्या खिडकीवर काढायचा ते आधी विचारून घ्यावं.

या दवाखान्यांची खरी ताकद अशा फुगणाऱ्या म्हशीवरच कळते. खाताना गिळलेली तार किंवा खिळा जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या पुढच्या छोट्या कप्प्यात, जाऊन बसतो आणि पोट व छाती यांच्यामधल्या पडद्याला टोचतो. पडदा कमजोर होतो. मग गाभणकाळात किंवा विताना पोटातला दाब वाढला की तो फाटतो आणि जाळीपोट छातीत सरकतं. याला डायफ्रॅमॅटिक हर्निया म्हणतात, आणि गायीपेक्षा म्हशीत तो बराच जास्त दिसतो. गॅसवरचं औषध दिलं की म्हैस दोन दिवस हलकी वाटते आणि पुन्हा फुगते, कारण मूळ दोष गॅसमध्ये नसतोच. निदानासाठी छातीचा एक्स-रे लागतो. एवढ्या जाड अंगातून किरण आरपार जायला मोठं मशीन हवं, हातात धरायच्या पोर्टेबलने ते होत नाही. सोबत सोनोग्राफीत चौथ्या-पाचव्या बरगडीजवळ जाळीपोटाची हालचाल दिसली की शंका उरत नाही.

ऑपरेशन दोन टप्प्यांत होतं, आणि मालकाला हेच आधी समजावून सांगितलं पाहिजे. पहिल्या टप्प्यात म्हैस उभीच ठेवून, डाव्या कुशीत २ टक्के लिग्नोकेनने जागा बधिर करून कोटीपोट, म्हणजे पोटाचा सर्वात मोठा कप्पा, उघडतात. त्याच्या कडा कातडीला टाक्यांनी किंवा खास फ्रेमने पक्क्या धरतात, नाहीतर आतला घाण रस पोटाच्या पोकळीत सांडतो आणि पुढचं सगळं बिघडतं. मग हाताने चारा, प्लास्टिक, तारा बाहेर काढतात. त्याच वेळी सर्जन आतून जाळीपोटापर्यंत हात घालून पडद्यातलं भोक चाचपतो. एक्स-रेवर शंका असेल तर ती इथे मिटते. दुसरा टप्पा साधारण एक-दोन दिवसांनी. कोटीपोट रिकामं केल्याशिवाय म्हशीला उताणं पाडलं तर त्याचं सगळं वजन छातीवर येतं, श्वास कोंडतो आणि पोटातलं पाणी घशात येण्याची भीती असते. पूर्ण भूल देऊन, श्वासनळीत नळी घालून पडदा शिवतात. पडदा उघडा असताना फुप्फुसं आपण होऊन फुगत नाहीत, म्हणून तेवढा वेळ मशीनने किंवा हाताने पिशवी दाबून श्वास द्यावा लागतो. भुलेवर एक जण, श्वासावर एक, शिवायला दोघं-तिघं आणि पाय धरायला आणखी माणसं. खासगी डॉक्टर कितीही हुशार असला तरी एवढं बळ एकट्याकडे नसतं. धोका तरीही मोठाच असतो. उशिरा आणलेली, अंगातलं पाणी आटलेली म्हैस टेबलावर दगावू शकते, आणि हे तोंडावर स्पष्ट सांगणारा सर्जन चांगला समजावा.

पहिल्या टप्प्याआधी किमान २४ तास चारा बंद आणि १२ तास पाणी बंद ठेवायला सांगतात. मालकाला दया येते आणि तो रात्री पेंढी टाकतो. तसं झालं असेल तर लपवू नये, तारीख पुढे ढकललेली परवडते.

कुत्र्यांच्या बाजूला सर्वात जास्त उपयोग गोचीड तापाच्या केसला होतो. ताप, पांढऱ्या हिरड्या, नाकातून रक्त, लाल-तपकिरी लघवी, खाणं बंद. गोचिडीतून येणारे जंतू वेगवेगळे असतात, यात एर्लिकिया आहे की बबेसिया, हे ठरल्याशिवाय औषध ठरत नाही. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन २८ दिवस द्यावं लागतं आणि दहाव्या दिवशी कुत्रं खेळायला लागलं म्हणून बंद केलं की आजार मुरतो. बबेसिया गिब्सोनीवर नेहमीचं इमिडोकार्ब इंजेक्शन धड चालत नाही, तिथे अझिथ्रोमायसिनसोबत अ‍ॅटोव्हाक्वोनसारखी जोडी लागते. महाविद्यालयात रक्ताची काच तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा माणूस असतो, हा मोठा फायदा. कानाच्या कडेच्या बारीक रक्तवाहिनीतून घेतलेल्या थेंबात जंतू सापडण्याची शक्यता जास्त, आणि अनुभवी हात तेच घेतात.

मात्र बऱ्याच कुत्र्यांना आणण्याआधी कुठेतरी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन पडलेलं असतं. त्याने ताप उतरतो, कुत्रं जेवतं आणि तपासणीचं मातेरं होतं. पांढऱ्या पेशींचा आकडा फसवा येतो, यकृताच्या तपासणीतलं एएलपी हे एन्झाइम वाढलेलं दिसतं, कुत्रं जास्त पाणी पितं म्हणून लघवीची तपासणीही भरवशाची राहत नाही. स्टेरॉइड दिलं असेल तर नाव, मात्रा आणि वेळ सांगावी. चिठ्ठी नसेल तर रिकाम्या बाटलीचा फोटो चालतो.

बाहेरून रक्त काढून आणणार असाल तर जांभळ्या झाकणाची बाटली खुणेपर्यंत भरलेली हवी. दोन मिलीच्या बाटलीत अर्धा मिली रक्त टाकलं तर बाटलीतलं रक्त न गोठू देणारं औषध जास्त पडून पेशी आक्रसतात आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, खोटा कमी दिसतो. बारीक गुठळी झाली तर प्लेटलेटचा आकडा खाली येतो आणि घरात उगाच घबराट होते. बर्फाच्या थेट संपर्कात बाटली ठेवू नये.

रक्त चढवण्याची वेळ आली तर दाता कुत्रा मालकालाच शोधावा लागतो. २५ किलोच्या वरचा, तरुण, लसीकरण झालेला, गोचीड नसलेला आणि शांत स्वभावाचा हवा. हिशोब सोपा आहे: दर किलोला २ मिली रक्ताने पीसीव्ही साधारण एकाने वाढतो. २० किलोच्या कुत्र्याचा पीसीव्ही १२ वरून २० वर न्यायचा तर ३२० मिली लागेल. पिशवी माणसांची, ४५० मिलीची असते आणि तिच्यातलं रक्त न गोठू देणारं द्रावण तेवढ्याच रक्तासाठी मापलेलं असतं. कमी रक्त घ्यायचं असेल तर जास्तीचं द्रावण आधी त्या प्रमाणात काढून टाकावं लागतं, म्हणजे १०० मिली रक्ताला १४ मिली द्रावण राखून. ही गोष्ट न चुकता करणारा विभाग दिसला तर बाकीच्या कामावरही विश्वास ठेवायला हरकत नाही. पहिल्यांदा रक्त चढवताना सहसा जुळवाजुळवीची मोठी अडचण येत नाही, पण चार-पाच दिवसांनंतर पुन्हा द्यायचं झालं तर क्रॉसमॅच (दोघांचं रक्त जुळवून पाहणं) केल्याशिवाय देऊ देऊ नये.

मांजरवाल्यांसाठी एवढंच: घरी पॅरासिटामॉल दिलं असेल तर रांगेत उभं राहू नये, खिडकीवरच मोठ्याने सांगावं. मांजरासाठी ते विष आहे.

आता उणिवा. शिकवणीच्या दवाखान्यात तपासायला आधी इंटर्न येतो, मग एम.व्ही.एससी. करणारा पदव्युत्तर विद्यार्थी, मग प्राध्यापक. तीच हकिकत तीनदा सांगावी लागते आणि दुखऱ्या जनावराला तिघांचे हात लागतात. त्याचा फायदाही आहे, कारण घाईत सुटलेली गोष्ट तिसऱ्या नजरेत सापडते. पण इंटर्नच्या पाळ्या बदलतात, म्हणून पुढच्या वेळी तोच चेहरा भेटेल असं धरू नये. केस पेपरच्या प्रत्येक पानाचा फोटो आपल्याकडे असावा. रात्री आणि सणासुदीला मनुष्यबळ तुटपुंजं असतं. विषबाधा, अडलेलं वासरू, साप चावणं यांत पहिला तास मोलाचा, तेव्हा जवळचा डॉक्टर किंवा १९६२ वर फोन करून येणारं फिरतं पथक आधी. दवाखान्याची पायरी त्यानंतर. औषधं, सलाइन, टाक्यांचा दोरा यांतलं काही बाहेरून आणायला सांगतात आणि भरती केलेल्या जनावराजवळ आपला माणूस व आपली वैरण लागते, हेही खर्चात धरावं.

संशोधनाबद्दल लोकांच्या मनात धास्ती असते, ती बहुतेक न विचारल्यामुळे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी केस घेतली तर काही तपासण्या त्यातच होऊन जातात आणि फेरतपासणी जास्त काटेकोर होते. सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: नेहमीच्या उपचारात काही बदल आहे का, जास्तीचं रक्त किती वेळा काढणार, आणि मधेच नको म्हटलं तर उपचार चालू राहतील का. उत्तर टाळलं तर सही करू नये. केली तर मात्र ७व्या, १४व्या, २८व्या दिवशी, जेव्हा बोलावलं असेल तेव्हा यावं, कारण न आलेल्या जनावराची माहिती वाया जाते आणि पुढच्या जनावराचं नुकसान होतं.

स्तनदाहाच्या दुधाचा नमुना नीट आणला तर जीवाणू कोणता आणि कोणतं प्रतिजैविक चालेल हे कळतं. सड स्पिरिटने पुसावा, पहिल्या तीन धारा फेकाव्यात, मग निर्जंतुक बाटलीत ५ ते १० मिली घेऊन बर्फाच्या डब्यात आणावं. बोटाने बाटलीच्या तोंडाला स्पर्श झाला तर कातडीवरचाच जीवाणू उगवतो.

जनावर दगावलं तर शवविच्छेदनासाठी उन्हाळ्यात काही तासांतच पोचवावं, विम्याच्या दाव्याला तो अहवाल आणि कानातला बिल्ला दोन्ही लागतात. पण अचानक मेलेल्या गुराच्या नाकातोंडातून न गोठणारं रक्त येत असेल तर कातडं फाडू नये, ती काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते. पिसाळल्याची शंका असेल तर फाटकावरच सांगावं, म्हणजे पोरं हातमोजे आणि चष्मा घालून येतील.

सुट्टी होताना कागदावर औषधाचं पूर्ण नाव, मात्रा मिलिग्रॅममध्ये, किती दिवस आणि दूध किती दिवस विकायचं नाही, एवढं लिहून घ्यावं. दुखण्यावर मेलोक्सिकॅम लिहिलेलं असेल तर दुकानदाराने दुसरं काही दिलं तरी घेऊ नये. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, ते दिलेलं जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. त्या कागदाची एक प्रत गावच्या डॉक्टरांच्या हातात द्यावी, कारण दहा-बारा दिवसांनी टाके काढायला जनावर पुन्हा टेम्पोत चढवण्यापेक्षा त्यांनीच गोठ्यात काढलेले बरे.