काडेपेटी की डबा? साताऱ्यात घरी पिनहोल कॅमेरा करायचा असेल तर

पिनहोल कॅमेरा, म्हणजे भिंगाऐवजी सुईच्या टोकाएवढं भोक असलेला कॅमेरा, घरीच करायचा असं एकदा ठरलं की बहुतेकांची गाडी दोन नावांपाशी येऊन थांबते. एक काडेपेटीचा कॅमेरा, ज्यात ३५ मिलिमीटरचा रोल बसतो. दुसरा पत्र्याच्या डब्याचा, ज्यात फोटो छापायचा कागदच निगेटिव्ह म्हणून लावायचा. मी दोन्ही केले आणि दोन्ही घेऊन गेली काही वर्षं सातारा परिसरात हिंडलो. डिजिटल कॅमेऱ्याच्या झाकणाला भोक पाडायचा तिसरा मार्गही आहे. पण सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण चित्रात उतरतो आणि घरी काही बनवल्याचं समाधान फारसं मिळत नाही, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

आधी काडेपेटीबद्दल, कारण तिचं कौतुक करण्यासारखं बरंच आहे. आतल्या पेटीच्या तळाला २४ मिलिमीटरची चौकोनी खिडकी कापायची, पुढे सुईच्या टोकाने भोक पाडलेला पत्र्याचा तुकडा, एका बाजूला भरलेला रोल, दुसऱ्या बाजूला रिकामा, आणि सगळ्याला काळी इन्सुलेशन टेप. एका संध्याकाळचं काम. खिशात मावतो. रंगीत फोटो येतात. ३६ चा रोल लावला तर चौकोनी फ्रेममुळे चाळीसच्या वर फोटो निघतात. प्रवासात नेण्यासारखा याहून सुटसुटीत कॅमेरा माझ्या पाहण्यात नाही.

पण आपल्याला हवंय ते लाँग एक्स्पोजर, म्हणजे भोक बराच वेळ उघडं ठेवून घेतलेला फोटो, आणि पहिली अडचण तिथेच येते. काडेपेटीत भोक आणि फिल्म यांच्यात अंतर जेमतेम दीड सेंटिमीटर. एवढ्या कमी अंतरावर भोक साधारण ०.२ मिलिमीटरचं लागतं, म्हणजे एफ ७५ च्या आसपास (अंतराला भोकाच्या व्यासाने भागायचं, आकडा मोठा तेवढा उजेड कमी). २०० आयएसओची फिल्म असेल (आयएसओ जास्त तेवढी फिल्म उजेडाला चटकन दाद देते) तर एप्रिलच्या उन्हात पाव सेकंदही जास्त होतो. भोकावरची टेप हाताने उचलून परत लावेपर्यंत त्याच्या कितीतरी पट वेळ जातो, शिवाय टेप ओढताना हलक्या पेटीला हिसका बसतो. पाणी दुधासारखं दिसावं, घाटावरची गर्दी विरून जावी असं वाटत असेल तर काडेपेटी घेऊन सूर्य कलण्याची वाट बघावी लागते. आणि उजेड कमी झाला की फिल्म स्वतःच मंदावते. काही फिल्मना उजेड मोजणाऱ्या मीटरने सांगितलेल्या १० सेकंदांच्या जागी ८० सेकंद द्यावे लागतात.

डब्याचं गणित उलटं आहे. माझा डबा मिल्क पावडरचा, व्यास दहा सेंटिमीटर, आतून मॅट काळा रंग मारलेला. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून त्यात ०.४ मिलिमीटरचं भोक, मागून पॉलिश पेपरने घासून कडा साफ केलेल्या. म्हणजे एफ २५०. भोक मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. पत्रा १२०० डीपीआयवर स्कॅन केला तर ०.४ मिलिमीटरचे १९ पिक्सेल भरतात. फोटोचा कागद फिल्मच्या मानाने फारच मंद, त्याला आयएसओ ६ धरून चालतो. कडक उन्हात ४० सेकंदांपासून एक मिनिट. ढग आले की चार-पाच मिनिटं. भर दुपारीसुद्धा लाँग एक्स्पोजर, आणि टेप काढताना बसलेला हिसका त्या एका मिनिटात कुठे जातो ते कळतही नाही. चारभिंतीच्या टेकडीवरच्या वाऱ्यात डब्यावर एक दगड ठेवला की काम भागतं.

तरीही एवढ्यावर मी काडेपेटी बाजूला ठेवली नसती. माझ्यापुरता निकाल लावला तो एका छोट्या आवाजाने.

काडेपेटीच्या कॅमेऱ्यात रोल किती सरकला हे दिसत नाही. म्हणून स्पायरल बाइंडिंगच्या प्लॅस्टिकचा तुकडा रोलच्या तोंडाशी असा बसवतात की फिल्मच्या कडेचं प्रत्येक भोक जाताना ‘टक’ असा आवाज होतो. चौकोनी फ्रेमला सहा टक. घरी टेबलावर ते छान ऐकू येतं. कार्तिकात एका सकाळी मी संगम माहुलीला गेलो. कृष्णेला चांगलं पाणी होतं, वेण्णेचं पाणी मिळतं तिथे खळखळ, वर देवळातली घंटा, घाटावर धुणं आपटण्याचे आवाज. पेटी कानाला लावूनही मला टक नीट ऐकू येईना. चार झाले की पाच? अंदाजाने फिरवत राहिलो. बोटाला जाणवतं असं सांगणारे आहेत आणि त्यांच्या बोटांना जाणवतही असेल. माझ्या बोटांना त्या थंडीत जाणवलं नाही.

रोल धुऊन देणारं साताऱ्यात मला कुणी सापडलं नाही, म्हणून तो बाहेरगावी पाठवला. तीन आठवड्यांनी आला. निम्म्याहून अधिक फ्रेम एकमेकींवर चढलेल्या, विश्वेश्वराच्या शिखरावर घाटाच्या पायऱ्या. काहींना असं दुहेरी चित्र आवडतं. मला ते शिखर हवं होतं. आणि खरं दुःख फ्रेम वाया गेल्याचंही नव्हतं. चूक झाली त्या दिवशी कळली असती तर दुसऱ्या सकाळी पुन्हा जाता आलं असतं. तीन आठवड्यांत पाणी उतरलं होतं, उजेड सरकला होता आणि कोणत्या फ्रेमला किती वेळ दिला होता हे वहीत बघूनही मनात ताजं नव्हतं. पुढच्या रोललाही असंच झालं. शिकणं पुढे सरकतच नव्हतं.

डब्यात एका वेळी एकच कागद, हा त्याचा दोष सगळेच सांगतात. मला तोच त्याचा गुण वाटायला लागला. फोटो घ्यायचा, घरी यायचं, न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद, झिरोचा लाल दिवा, आणि तीन ट्रे. दीड मिनिटात डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, चित्र वर येतं. उन्हाळ्यात टाकीचं पाणी फार गरम असतं, तेव्हा मी माठातलं पाणी वापरतो. चित्र पक्कं करणाऱ्या हायपोमध्ये पाच मिनिटं, मग भरपूर पाण्यात धुणं. ओल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून रंग उलटे केले की चित्र समोर. कमी-जास्त झालं असेल तर संध्याकाळच्या आत परत जाता येतं. आता मी चार सारखे डबे भरून बाजाराच्या पिशवीत नेतो. दिवसाला चार फोटो मला पुरतात.

माहुलीला त्याच जागी डब्याने मिनिटभराचा फोटो घेतला तेव्हा ये-जा करणारी सगळी माणसं नाहीशी झाली. पायरीवर जप करत बसलेले एक आजोबा तेवढे राहिले. धुणं धुणाऱ्या बाईंचे हात गेले, पाठ धुरकट उमटली, दगड मात्र लख्ख आला.

डब्याच्या खोडी लपवत नाही. कागद गोलाईत बसतो, त्यामुळे सरळ भिंती वाकतात. अजिंक्यताऱ्याच्या तटाला ते शोभतं, वाड्याच्या दर्शनी भागाला शोभत नाही. हा कागद लाल दिवा बघतच नाही. म्हणून तर लाल दिव्यात काम चालतं, पण त्याच कारणाने कासची तांबडी माती काळी येते आणि निळं आकाश पांढरंफटक. संध्याकाळचा सोनेरी उजेड मीटरला भरपूर वाटतो, कागदाला नाही. तिथे मी मीटरच्या तिप्पट-चौपट वेळ देतो. मल्टिग्रेड कागद (ज्याचा कॉन्ट्रास्ट उजेडाच्या रंगानुसार बदलतो) असेल तर भोकापुढे पिवळा फिल्टर लावून चित्र थोडं मवाळ होतं. आणि रंगीत फोटोच हवे असतील तर हा सगळा मजकूर विसरून काडेपेटीच करावी.

डब्याकडे झुकायला आणखी एक कारण आहे, जे काडेपेटीला जमणार नाही: महिनोन्‌महिने उघडा ठेवून सूर्याच्या वाटा टिपणं. ब्रिटनमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या बेफर्डबरी वेधशाळेत २०१२ मध्ये लावलेला असाच एक कॅन २०२० मध्ये उतरवला, त्यात जवळजवळ तीन हजार रेषा उमटल्या होत्या. यात डेव्हलपर लागत नाही. कागद उन्हानेच रंगतो, काढला की एकदाच स्कॅन करायचा आणि अंधारात ठेवायचा. हायपोत टाकू नये, चित्र बरंचसं निघून जातं.

फक्त युरोपातली चित्रं बघून डबा दक्षिणेकडे तोंड करून लावू नका. तिकडे सूर्य दक्षिणेला कमानी काढतो. सातारा साधारण १७.७ अंश अक्षांशावर आहे, इथे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य थेट डोक्यावर येतो, मधल्या काळात दुपारी चक्क उत्तरेला असतो. दक्षिणेकडच्या डब्यात उन्हाळ्याच्या रेषा वरच्या कडेबाहेर जातात. मी पहिला डबा असाच घालवला. पूर्वेकडे तोंड करून लावला तेव्हा जरंड्याच्या डोंगराच्या बाजूने वर येणाऱ्या तिरप्या रेषा मिळाल्या, डिसेंबरपासून जूनपर्यंत उजवीकडून डावीकडे सरकत गेलेल्या. उगवतीची जागा या काळात जवळपास पन्नास अंश सरकते, तेवढी डब्याच्या गोलाईत आरामात मावते. २२ डिसेंबरला लावायचा आणि मृगाच्या आधी उतरवायचा. पावसाळ्यात ठेवला तर आत पाणी जातं, कागदावर बुरशी धरते, आणि सूर्य तर दिसतच नाही. रस्त्याकडेचा डबा कुणी भंगार समजून नेतं, तेव्हा आपली गच्चीच बरी.

डबा करायचं ठरवलंत तर कागद ५ बाय ७ इंचांचा घ्या, दहा सेंटिमीटरच्या डब्यात तो न कापता बसतो आणि भोकावर येत नाही. गुळगुळीत बाजू भोकाकडे. पहिला फोटो स्वच्छ उन्हात, अकराच्या सुमाराला, ४० सेकंद. निगेटिव्ह पूर्ण काळी आली तर वेळ निम्मा करा, फिकट आली तर दुप्पट, आणि ऊन आहे तोवर त्याच जागी परत जा.